काबऱ्याला दिलेलं आवतण

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही. मानायला सवडच मिळाली नाही. लाखनीत हायवेला लागून माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई आणि पासपोर्ट फोटो सोडले तर उरलेलं सगळं आयुष्य मी आमच्या गावच्या तलावाकाठी पोटावर पालथा पडून पाखरांचे फोटो काढण्यात घालवलं आहे. आमचं मसण तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, अगदी लागून आहे. तिथे अंगाला राख फासल्यासारखा होऊन, डोक्यावर पळसाच्या डहाळ्या बांधून मी खंड्या पक्ष्याची वाट पाहत पडलेलो असतो. एकदा लोक मयत घेऊन आले, मी उठून म्हटलं, "जरा हळू जी, पाखरू उडते" — तर तिरडी तिथेच ठेवून सगळे पळाले. म्हणजे आमच्या भागात भूत म्हणून कोणी प्रसिद्ध असेल तर तो मीच.

तरीही हे लिहितो आहे, आणि रागात लिहितो आहे. कारण मी आयुष्यात एक फोटो असा काढला की ज्यात माझी काहीच करामत नव्हती, आणि नेमका त्याच फोटोखाली एका पोराने लिहिलं, "काका, एआय आहे हे." काका! माझ्या डोक्यावर एक पांढरा केस नाही. आहेत ते कलपाखाली आहेत.

या ग्रुपवरचे काही जुने सभासद म्हणतील, यानेच तो तलावावरच्या वाघाचा फोटो टाकला होता ना, जो नंतर रानमांजर निघाला? तो वाघच होता. लांब होता म्हणून लहान दिसत होता. पण त्या मांजराचं, म्हणजे त्या वाघाचं इथे काही काम नाही. इथे गोष्ट बैलाची आहे.

आमच्या घरी बैलजोडी होती, लाल्या आणि काबऱ्या. लाल्या तांबडा, साधा, सरळ. कॅमेरा दिसला की शाळेच्या ग्रुप फोटोतल्या मॉनिटरसारखी छाती काढून उभा राहणारा. काबऱ्या पांढरा, अंगभर काळे ठिपके, डावं शिंग कानावरून खाली वाकलेलं, आणि फोटोचा कट्टर दुश्मन. मी कॅमेरा काढला रे काढला की गडी पाठ करायचा. मी इकडून गेलो की तोंड तिकडे, तिकडून गेलो की तोंड इकडे. एकदा मी मोहाच्या झाडावर चढून वरून नेम धरला, तर तो झाडाच्या बुडाशी येऊन असा उभा राहिला की मला फक्त पानंच दिसावीत. एकदा गुरांच्या कोठ्याच्या छपरावरचं कवेलू, म्हणजे कौल, सरकवून त्या भोकातून चारशे एमएमची लेन्स खाली सोडली, तर वर पाहून शिंकला. दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडली आणि मला विचारलं, "भाऊ, तलावात पडली का जी?"

काबऱ्याच्या मागच्या अंगाचे माझ्याकडे इतके फोटो आहेत की कोणी त्यावर डॉक्टरेट करावी. शेपूट उजवीकडे, शेपूट डावीकडे, शेपूट हवेत. तोंड मात्र एकाही फोटोत नाही. एकात कान आहे, तोही हललेला. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे मला जे बोल लावले गेले त्याला माझं हेच उत्तर आहे.

गेल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचून झाली, आणि एका सकाळी काबऱ्या बसला तो उठलाच नाही. म्हातारा झाला होता. आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जो मोह आहे, त्याच्याखाली आम्ही खड्डा केला. माती टाकायच्या आधी माझे वडील, बाबूजी, म्हणाले, "जरा तिकडं तोंड करा सारे." आम्ही फिरलो. ते काही वेळ एकटेच खड्ड्यात वाकून होते. मग म्हणाले, "टाका." बस. रडणंबिडणं काही नाही.

संध्याकाळी ओसरीवर बसून मला म्हणाले, "फोटो काढ."

"कोनाचा?"

"काबऱ्याचा. मोठा करून आन. तुह्या मायच्या फोटोच्या बाजूले लावाचा हाय."

मी लॅपटॉप उघडला आणि एकेक फोटो दाखवायला लागलो. बाबूजी पाहत गेले, पाहत गेले, आणि त्यांचा चेहरा लाल्यापेक्षा लाल होत गेला.

"हे काय होये बे? सारे ढुंगनाचेच?"

"तो तोंडच देत नव्हता जी."

"लेका, सात समुद्रापलीकडून आलेल्या बदकाचा फोटो हाय तुह्यापाशी. बदक! जे हिवाळाभर राह्यते अन् उडून जाते. अन् ज्यानं तुह्यासाठी साऱ्या बांध्या चिखलल्या, त्याचं तोंड नाई तुह्यापाशी? तुह्या लग्नातई दमणीले जुतलेला तोच होता, तवाई तुनं घोड्याचे फोटो काढले!"

लग्नात मी नवरदेव होतो, फोटो मी कसे काढणार, हे मी बोललो नाही. बोलायची ती वेळ नव्हती. कारण तेव्हाच बाबूजींनी तो हुकूम काढला, ज्याने आमच्या घराची पुरती गंमत झाली. म्हणाले, "जवापर्यंत त्याचा फोटो भिंतीवर लागत नाई, तवापर्यंत त्याच्या खुंट्याले दुसरा बैल बांधाचा नाई. सांगून ठेवतो."

आता विचार करा. बैल मातीत गेला. फोटो अस्तित्वात नाही. म्हणजे दुसरा बैल येणार कधी? कधीच नाही! एका बैलाचं करायचं काय? नांगर ओढत नाही, बंडी ओढत नाही, नुसता कडबा ओढतो. मृगात आम्ही ट्रॅक्टरने चिखलणी केली. बाबूजी, जे रोवण्याच्या दिवसात सूर्याच्याही आधी बांधीत जायचे, ते ओसरीवर खांबाला टेकून बसले. शेताकडे फिरकले नाहीत. माझी बायको निर्मला सांगून थकली, "बाबूजी, जाऊन तं या, धानाचे पऱ्हे पाहून या." ते म्हणायचे, "कायले जाऊ? ट्रॅक्टरशी काय बोलू मी?" जेवण निम्म्यावर आलं. सगळा दोष माझा! बैल कॅमेऱ्याकडे पाहत नाही हा फोटोग्राफरचा दोष असतो का? तुम्हीच सांगा.

तर असे दिवस चालले असताना पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांद शेकतात. हळद आणि तूप गरम करायचं, पळसाचं पान त्यात बुडवायचं आणि वर्षभर जू वागवणाऱ्या खांद्यावर हळूहळू फिरवायचं. मग प्रत्येक बैलाला नाव घेऊन जेवणाचं आवतण द्यायचं, पाहुण्याला देतात तसं. बाबूजींनी लाल्याची खांद शेकली. म्हणाले, "लाल्या, आज आवतण घे, उद्या जेवाले ये." लाल्याने कान हलवले. मग बाबूजींनी पान पुन्हा तुपात बुडवलं, दोन पावलं सरकले आणि काबऱ्याच्या रिकाम्या खुंट्यावरून ते पान फिरवलं. लाकडावरून तूप ओघळलं.

"काबऱ्या, आज आवतण घे, उद्या जेवाले ये."

निर्मलाने मला असा चिमटा घेतला की निळं पडलं. "अजी, बोला ना काई."

"बाबूजी," मी म्हटलं, "काबऱ्या नाई ना आता."

ते थांबले. हातातल्या पानाकडे पाहिलं, खुंट्याकडे पाहिलं. "हावो," म्हणाले. "हात आपल्या सवयीनं गेला." मग जरा वेळाने, "आता देल्लं तं देल्लं. आवतण वापस घेता येते का?" आणि पान तिथेच टाकून घरात गेले.

आम्हीही आपापल्या कामाला लागलो. म्हाताऱ्या माणसाची चूक झाली, ती उगाळायची कशाला? निर्मलानेही दुसऱ्या दिवशी पुरण माणसांपुरतं आणि लाल्यापुरतं वाटलं. बैलाला जेवण वाढायचं सूप एकच काढलं. पुढचा सगळा घोटाळा त्या एका सुपाने केला.

पोळ्याला लाल्याला मी स्वतः सजवलं. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. गावाबाहेरच्या आखरावर तोरणाखाली सगळ्या गावच्या जोड्या उभ्या, आणि मध्ये आमचा लाल्या एकटा, लग्नात नवरी पळून गेल्यासारखा. मागून कोणीतरी ओरडलंच, "काय जी बाबूजी, अर्धीच जोडी आणली? बाकीची किस्तीत आणता का?" सगळा आखर हसला. बाबूजी हसले नाहीत. झडत्यांची गाणी झाली, पोळा फुटला, म्हणजे जोड्या सुटल्या, आणि आम्ही लाल्याला घेऊन घरी आलो.

आता नीट ऐका, कारण कोण कुठे उभं होतं हे महत्त्वाचं आहे. आमच्या अंगणात एका बाजूला कोठा, कोठ्यासमोर दोन खुंटे. एकाला लाल्या बांधलेला, दुसरा रिकामा. समोरच्या बाजूला सैपाकखोलीचं दार. त्या दाराला पाठ करून मी गुडघ्यावर बसलेलो, कॅमेरा डोळ्याला. निर्मला दोन खुंट्यांच्या मध्ये बसून लाल्याचे पाय धूत होती. बाबूजी बाजूला टोपी सावरत उभे. सूर्य नुकताच खाली गेला होता, उजेड असा मऊ की फोटोग्राफरने उजेडाचेच पाय धुवावेत. मी तीन फोटो काढले. पहिला ठीक. दुसऱ्याच्या वेळी लाल्याने मान रिकाम्या खुंट्याकडे वळवली आणि घशातल्या घशात हंबरला. मी ओरडलो, "लाल्या, इकडं पाह्य ना बे!" मग पाय धुऊन झाले. निर्मला उठताना जरा अडखळली, पदर ओढून घेतला, आणि लाल्यापुढे सूप ठेवलं. मग मी तिसरा काढला. संपलं.

रिकाम्या खुंट्याजवळ कोणी नव्हतं. माझ्या लेन्ससमोर नव्हतं, माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं. आम्ही तिघं आणि लाल्या सोडून अंगणातही कोणी नव्हतं. वाघाच्या बाबतीत मी थोडं मागेपुढे होऊ शकतो, यात नाही.

दिवे लागले तेव्हा कार्ड लॅपटॉपला लावलं. पहिला फोटो, लाल्या. दुसरा फोटो —

दुसऱ्या फोटोत दोन बैल होते.

काबऱ्या त्याच्या खुंट्याजवळ उभा होता. पांढरा, ठिपक्यांचा, डावं शिंग कानावरून खाली. अंगावर झूल नाही, बेगड नाही, गळ्यात माळ नाही. त्याला कोणी सजवलंच नव्हतं ना! तिसऱ्या फोटोत पुन्हा लाल्या एकटाच.

तुम्हाला वाटेल मला घाम फुटला असेल. घाम नंतर फुटला. आधी संताप आला, प्रामाणिकपणे सांगतो. जिवंतपणी या बैलाने मला झाडावर चढवलं, छपरावर चढवलं, चारशेची लेन्स शिंकून बुडवली. आणि आता? मान सरळ, दोन्ही कान पुढे, डोळे थेट लेन्समध्ये, पापणीचा केस न् केस वेगळा! मी फोकस लाल्यावर धरला होता, आणि लाल्या धूसर, काबऱ्या लख्ख. अरे, जित्या जिवाने एवढं सहकार्य केलं असतं तर तुझा कॅलेंडरवर फोटो छापला असता!

मग घाम फुटला. मी निर्मलाला हाक मारली.

ती आली, पाहिलं, आणि चष्मा नाकावर वर केला. "हे कवा काढलं?"

"आत्ता. तू पाय धुऊन राहिली होती तवा."

तिने बोट स्क्रीनवर ठेवलं. काबऱ्याचा पुढचा एक पाय तिच्या पदराच्या टोकावर होता. पदर खुराखाली दबलेला, कापडाला ताण आलेला स्पष्ट दिसत होता. निर्मलाने स्वतःच्या पदराचं टोक हातात घेऊन पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अजी, उठताना माहा पदर अटकला होता. मले वाटलं, खुंट्याले अटकला."

मी लॅपटॉप उचलून बाबूजींकडे नेला. मनात म्हटलं, म्हातारा घाबरेल, देव देव करेल, निदान मला एकदा तरी शाबास म्हणेल. बाबूजींनी फोटो पाहिला. तोंड स्क्रीनच्या इतकं जवळ नेलं की टोपीचं टोक काबऱ्याच्या कपाळाला लागलं.

"येसन नाई नाकात," ते म्हणाले.

खरंच नव्हती. नाकातून ओवलेली ती दोरी काबऱ्याच्या नाकात जन्मभर होती, कान हललेल्या त्या फोटोतही तिचं टोक दिसतं. इथे नाक मोकळं होतं.

"मातीत टाकाच्या आधी मीनं कापली होती," बाबूजी म्हणाले. "म्हटलं, आता कायले पाहिजे दोरी त्याले. तुमाले तिकडं तोंड कराले लावलं होतं न, तवा."

आता मला सांगा, हे मला कुठून माहीत असणार? कॅमेऱ्याला कुठून माहीत असणार?

"तं मंग बाबूजी, झालं न काम!" मी म्हटलं. "आता तोंडासगट फोटो हाय. उद्याच मोठा करून आनतो. पाहा ना, कसा माह्याकडं पाहून राहिला! जिंदगीत पहिल्यांदा पोझ देल्ली त्यानं."

बाबूजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन इंच कमी झालो.

"तू कुठं बसला होता?"

"सैपाकखोलीच्या दारात."

"मंग तो तुह्याकडं नाई पाह्यत लेका. तुह्या मांगं सैपाक होता, त्याच्याकडं पाहून राहिला." आणि मग त्यांनी स्क्रीनवर बोटाने दाखवलं. लाल्याच्या बाजूला सूप तयार ठेवलेलं, पोळ्यांचा ढीग. काबऱ्यापुढे नुसती जमीन. "आवतण देल्लं अन् पान नाई वाढलं. पाहुणा आला, उभा राह्यला, अन् उपाशी गेला. अन् तू? तू फोटो काढत बसला!"

"मले दिसला असता तं मीनं वाढलं नसतं का जी?"

"नोको लावू तो फोटो. उपाशी पाहुण्याचा फोटो भिंतीवर लावतेत का कोनी?"

झालं! फोटो नव्हता तेव्हा दोष माझा. फोटो मिळाला तरी दोष माझाच. आणि खुंटा तसाच रिकामा!

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गावातली पोरं लाकडाचे बैल घेऊन दारोदार फिरत होती, आणि बाबूजींच्या हुकमाने निर्मला काबऱ्यासाठी पुन्हा पुरण शिजवायला बसली होती. ती काय काय बोलत होती ते इथे लिहिलं तर ॲडमिन मला काढून टाकतील. सारांश असा की या घरात मेलेल्या बैलाचा मान आहे, जित्या बाईच्या मनगटाला नाही. पण पोळ्या तिने केल्या, आणि कालच्यापेक्षा पातळ केल्या, हेही सांगतो.

त्याच सकाळी मी रागारागात तो फोटो आमच्या फोटोग्राफरांच्या दुसऱ्या ग्रुपवर टाकला. वाटलं, शंभर लोक तरी हादरतील. पहिलाच मेसेज, "काका, एआय आहे हे." दुसरा, "प्रॉम्प्ट काय दिलं?" तिसऱ्याने काबऱ्याचे पाय मोजले आणि लिहिलं की पाच आहेत. अरे बाबा, पाचवा लाल्याचा आहे! चौथा म्हणाला, "जुना फोटो जोडला, सोपं आहे." सोपं आहे? जोडायला जुना फोटो लागतो ना? या बैलाच्या तोंडाचा एक फोटो या पृथ्वीवर असेल तर मला दाखवा, मी स्टुडिओ तुमच्या नावावर करतो. मी त्यांना पुराव्यादाखल काबऱ्याचे मागच्या अंगाचे सगळे फोटो पाठवले. त्यावर मला त्या ग्रुपमधून काढून टाकलं, म्हणून तर इथे लिहितो आहे.

तर मी पेटलेला होतो. ठरवलं, आज पुन्हा आवतणाचं जेवण वाढतायत ना, आज ट्रायपॉड लावतो आणि या सगळ्यांची तोंडं बंद करतो.

दुपारी बाबूजींनी रिकाम्या खुंट्यासमोरची जमीन पाण्याने धुतली, जिथे काबऱ्याचे पाय असते तिथे. कुंकू लावलं. सूप ठेवलं. एवढं झाल्यावर वळून पाहतात तर मी ट्रायपॉड लावून तयार.

"ठेव ते डबडं."

"बाबूजी, एकच फोटो! माह्या इज्जतीचा सवाल हाय जी! सारं जग मले खोटा म्हनून राहिलं!"

"जेवणाऱ्याच्या तोंडाकडं पाहू नाई, हे तुले लहानपणीच सांगतलं होतं."

"तो माणूस हाय का?"

"पाहुणा हाय. चाल, उठ."

आणि चव्वेचाळीस वर्षांच्या, हायवेला स्वतःचा स्टुडिओ असलेल्या माणसाला बापाने बखोटीला धरून ओसरीवर नेऊन बसवलं. तोंड रस्त्याकडे, पाठ अंगणाकडे. बाजूला बाबूजी, त्यांच्या बाजूला निर्मला. वळून पाहायचं नाही. मोबाईलही त्यांनी स्वतःच्या धोतराच्या ओच्यात घातला.

आम्ही बसलो. समोर फाटक उघडं. शेजारच्या दुर्गाबाईची बकरी आली. या बकरीची ओळख करून देतो. तिने माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा, निर्मलाचा एक ब्लाऊज आणि निवडणुकीच्या वेळी एका उमेदवाराचं अख्खं पोस्टर खाल्लेलं आहे. पुरणपोळीचा वास सुटलेला, फाटक उघडं, अडवायला कोणी नाही. ती फाटकाशी आली आणि थांबली. आमच्या डोक्यांवरून तिने आत पाहिलं. कान ताठ झाले. एक पाय उचललेला तसाच हवेत राहिला. मग ती पाठ न वळवता, तशीच मागे मागे गेली. बकरीला मी आयुष्यात पहिल्यांदा मागे चालताना पाहिलं.

मागे लाल्या हंबरला, घशातल्या घशात, काल हंबरला तसा.

निर्मलाने माझा हात धरला. मी मान वळवणार होतो, खोटं कशाला सांगू, पण बाबूजींचा हात माझ्या मानेवर होता. जोर नव्हता त्यात. नुसता ठेवलेला होता.

काही वेळाने बाबूजी म्हणाले, "झालं," आणि उठले.

सूप चाटूनपुसून स्वच्छ होतं. बांबूच्या पात्यांमध्ये पुरणाचा कण नव्हता, आणि सूप ओलं होतं, बैलाने चाटल्यावर होतं तसं. लाल्या त्याच्या खुंट्याला बांधलेला. तुम्ही म्हणाल, लाल्यानेच खाल्लं. मलाही तेच वाटलं. मी लाल्याची दोरी ताणून पाहिली, त्याला ढकललं, त्याच्यापुढे पोळी धरून ओढलं. त्याचं तोंड सुपापर्यंत पोचत नाही. उंदीर म्हणाल, तर उंदीर सूप चाटत नाहीत. कावळे म्हणाल, तर कावळे अर्धं सांडतात. मी सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला आहे, दुर्गाबाईवरसुद्धा.

आणि याचा एकही फोटो माझ्याजवळ नाही! माझ्या उभ्या जन्मातला एकमेव पुरावा माझ्या पाठीमागे घडला, आणि मी रस्त्याकडे तोंड करून एका बकरीकडे पाहत बसलो होतो. सांगा, कोणाला राग येणार नाही?

त्या संध्याकाळी बाबूजी म्हणाले, "लाव आता फोटो." लाखनीहून मी तो मोठा करून, काच लावून आणला. खिळा त्यांनी स्वतः ठोकला, मायच्या फोटोच्या बाजूला. मागे सरून पाहिलं. काबऱ्याकडे नाही, निर्मलाकडे पाहून म्हणाले, "पोळ्या चांगल्या झाल्या होत्या." ते स्वतः त्या दिवशी चार पोळ्या जेवले. मी मोजल्या नाहीत, निर्मलाने मोजल्या.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळीच उठून, धुतलेलं धोतर नेसून मला म्हणाले, "गाडी काढ. अड्याळले एका घरी गोऱ्हा विकाचा हाय म्हन्ते. लाल्याच्या जोडीले पाहून येऊ."

मी मोटरसायकल काढली. बाबूजी मागे बसले. वाटेत जंगलाचा पट्टा लागतो, तिथे रस्ता मोकळा असतो. मी गाडी हळू केली. कितीतरी दिवस मनात होतं ते विचारलंच.

"बाबूजी, खरं सांगा. काबऱ्या आलता का जी?"

मागे धोतर वाऱ्याने फडफडलं तेवढंच. मला वाटलं, वाऱ्यामुळे ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा विचारणार, तेवढ्यात माझ्या पाठीत एक बुक्की बसली.

"फोटो तुनं काढला," बाबूजी म्हणाले, "अन् मलेच इचारतं?"

मी गाडी पुढे घेतली. अड्याळला पोचल्यावर सगळ्यात आधी त्या गोऱ्ह्याच्या तोंडाचा फोटो काढला.